कोकण किनाऱ्यावरचे प्राचीन मणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणी एवढासा, मग पुरातत्त्वात त्याचे इतके महत्त्व का?

दगड, काच, शंख किंवा भाजलेली माती यांचा मणी जमिनीत दोन-दोन हजार वर्षे टिकतो. कापड, लाकूड, चामडे कोकणच्या पावसात राहत नाही, मणी राहतो. शिवाय वजनाच्या मानाने तो महाग माल. गलबताच्या कोपऱ्यात एक पिशवी टाकली की झाले, म्हणून तो फार लांब जातो. आणि घडताना त्याच्यावर जे जे केले त्याची खूण त्याच्या अंगावर राहते: ठोकल्याची, घासल्याची, भोक पाडल्याची, दोऱ्याने झिजल्याची. मात्र तो कुठे, कोणत्या थरात, कशाबरोबर सापडला हे ठाऊक नसेल तर यातली निम्मी माहिती गेली म्हणून समजा.

कोकणात असे मणी कुठे सापडण्याची शक्यता असते?

जुन्या बंदरांच्या आसपास. सोपारा (आजचे नालासोपारा), कल्याण, घारापुरी, चौल-रेवदंडा, राजपुरी खाडीवरचे मांदाड ही सातवाहन काळापासूनची नावे. यातली सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे इ. स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत येतात. तिच्यातले मंदगोरा म्हणजे मांदाड असावे असे मानले जाते. खाडीचे तोंड, वर घाटाकडे जाणारी वाट आणि जवळ लेणी, असे तिन्ही जिथे जमते तिथे जुनी वस्ती असण्याचा संभव जास्त. मांदाडजवळ कुडा लेणी आहेत, हा योगायोग नाही.

अकीक कोकणातच मिळतो का?

थोडा. अकीक म्हणजे मण्यांसाठी वापरला जाणारा कठीण, अर्धपारदर्शक दगड, इंग्रजीत ॲगेट; लाल असेल तर कार्नेलियन. उत्तर कोकणातला काळा कातळ म्हणजे लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्यातल्या पोकळ्यांत सिलिका साचून गारगोटी आणि अकीक तयार होतो, पण किनाऱ्यालगत मिळणारे तुकडे बहुतेक लहान आणि चिरा गेलेले. जांभ्यात अकीक तयारच होत नाही, त्यामुळे रत्नागिरीच्या सड्यावर शोधणे व्यर्थ. चांगला माल यायचा घाटावरच्या नद्यांच्या गोट्यांतून आणि गुजरातेत भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणींतून. पेरिप्लसमध्ये पैठणहून असा दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भरूचला नेत असल्याचे लिहिले आहे, तेही वाटा नसलेल्या मुलखातून. पैठणहून कल्याण-सोपारा खरे तर जवळ. जुन्नरहून नाणेघाट उतरला की कल्याण येते. पण त्या वेळी कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात, असे तोच ग्रंथ सांगतो. राजकारणाने माल लांबच्या वाटेने फिरवला, त्याचा हा चांगला दाखला.

अकीकाचा मणी घडवायचे कसे?

याचे उत्तर गुजरातेतल्या खंबातच्या कारागिरांमुळे देता येते. तिथे हा धंदा आजही चालतो. जुनी पद्धत अशी:

खाणीतला गोटा पिवळट-तपकिरी असतो आणि त्यात ओल असते. तो आधी उन्हाळाभर उन्हात टाकतात. नंतर मडक्यात भरून, मडके चरात उपडे घालून भोवती शेणाची आच रात्रभर देतात. साधारण 300 ते 350 अंशांपर्यंत हळूहळू तापले की दगडातल्या लोहाच्या संयुगातले पाणी निघून जाते आणि पिवळा रंग लाल होतो. भाजलेला दगड ठिसूळ होतो, म्हणून छिलायलाही सोपा जातो. नासाडी होते ती इथेच. ओला गोटा भट्टीत गेला तर आतल्या वाफेने तडकतो. मडके गरम असताना उघडले तर थंड वाऱ्याने बारीक चिरा पडतात, आणि त्या चिरा पुढे भोक पाडताना दगा देतात. रंग फिका राहिला तर पुन्हा भाजता येते. एकेक गोटा अनेकदा भट्टीत जातो.

मग छिलणे. जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी पहारीची टोकदार कांब असते. गोट्याची कड त्या टोकावर टेकवायची आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकायचे. घाव वरून, पण टवका निघतो खालच्या टोकापाशी. शिंगच का? लोखंडी हातोडी कडक घाव देते आणि मणी मधोमध फुटतो. शिंग थोडे दबते. छिलून ओबडधोबड पीप किंवा गोल आला की दगडी पाट्यावर घासून अंग सारखे करतात, मग भोक, शेवटी झिलई. पूर्वी शेकडो मणी अकिकाच्या पुडीसह आणि पाण्यासह चामड्याच्या पिशवीत भरून दोघे जण दहा-पंधरा दिवस ती इकडून तिकडे लोळवत. आता फिरते पिंप आणि वीज.

म्हणून उत्खननात तयार मण्यांपेक्षा टवके, अर्धवट छिललेले तुकडे आणि भोक पाडताना फुटलेले मणी सापडले तर आनंद मानावा. तयार मणी कुठूनही येतो. कचरा मात्र कारखान्याच्या दारातच पडतो.

भोकावरून काय कळते?

बाहेरून दिसते त्याहून जास्त. दहापट भिंग आणि बारीक टॉर्च घेऊन भोकात पाहा.

भोक दोन्ही बाजूंनी पाडलेले असते. एकाच बाजूने आरपार गेले तर शेवटच्या कवचाचा शंकूसारखा टवका उडतो आणि मण्याचे तोंड फुटते. त्यामुळे कारागीर अर्ध्यापर्यंत जाऊन मणी उलटवतो. दोन भोके मध्ये नेमकी जुळत नाहीत. तिथे पायरी दिसते किंवा भोक किंचित वाकते. ही पायरी हाताने पाडलेल्या भोकाची चांगली खूण. पण तीवरून मणी जुना ठरत नाही, कारण खंबातला सामता (कमानीने फिरवून भोक पाडायचे साधन) काल-परवापर्यंत असाच चालत होता.

भोकाचा आकार दुसरी खूण. दोन्ही तोंडे रुंद आणि मध्ये निमुळते, असे डमरूसारखे भोक दगडी टोकाचे. सरळ नळीसारखे आणि आत नियमित गोल चरे असलेले भोक हिऱ्याच्या टोकाचे. कांबीच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या बसवून, पाण्याचा थेंब सोडत, कमानीच्या सामत्याने भोक पाडण्याची पद्धत प्राचीन ऐतिहासिक काळापासून भारतात आहे. त्याआधी हडप्पा संस्कृतीत एका खास कठीण दगडाचे टोक वापरत. पुरातत्त्वज्ञ मार्क केनॉयर यांच्या प्रयोगात त्या टोकाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर काम झाले. लांबट लाल मणी राजेरजवाड्यांची चीज का होती, ते या आकड्यावरून कळावे.

तिसरी खूण वापराची. दोऱ्याने झिजलेल्या भोकाच्या कडा गुळगुळीत आणि एका अंगाला खोल होतात. कडा धारदार असतील तर मणी फारसा वापरलेला नाही. बहुधा विकायच्या मालातला. बंदरावर अशा न वापरलेल्या मण्यांचा ढीग मिळणे आणि घरात झिजलेला एकच मणी मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रयोगशाळेत भोकाचा ठसा घेतात. पातळ सिलिकॉन आत सोडून, घट्ट झाल्यावर ओढून काढायचे आणि त्यावरचे चरे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. घरी हे करू नका. चिरलेल्या मण्यात सिलिकॉन अडकते आणि काढताना मणी दुभंगतो.

लाल मण्यावरची पांढरी नक्षी रंगाची असते का?

नाही, ती दगडातच उतरलेली असते. सोड्याच्या खारात वनस्पतीचा चिकट रस कालवून बोरूने नक्षी काढतात, वाळवतात आणि निखाऱ्यात भाजतात. खार दगडाच्या पृष्ठभागात शिरून तो पांढरा करतो. पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांनी 1930 च्या दशकात सिंधमधल्या कारागिराकडून ही रीत नोंदवली. लेप पातळ झाला तर तो पसरून रेघा फुटतात. आच कमी पडली तर पांढरा थर वरवरचा राहून पुढे खपल्यांनी सुटतो. भारतातल्या अशा मण्यांवर मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे काम आजही पायाभूत आहे.

मातीत मिळणारे बारीक लाल, निळे, पिवळे काचमणी कोणते?

बहुधा ज्यांना इंडो-पॅसिफिक मणी म्हणतात ते. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान, एकरंगी, दक्षिण भारतापासून आग्नेय आशिया आणि आफ्रिकेपर्यंत पसरलेले. हे नाव मण्यांचे अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी रूढ केले.

ते एकेक करून बनत नाहीत. वितळलेल्या काचेचा गोळा लांब लोखंडी नळीवर घेऊन त्यात पोकळी ठेवतात आणि भट्टीच्या दुसऱ्या तोंडाशी बसलेला कारागीर ती काच सतत ओढत बारीक नळी काढत जातो. पोकळी नळीभर राहते, तेच भोक. नळीचे तुकडे करायचे, राखेत घोळायचे म्हणजे भोके भरतात आणि तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत, मग तव्यासारख्या भांड्यात तापवून ढवळायचे की कापलेल्या कडा गोल होतात. आंध्रातल्या पापानायडुपेट गावात ही रीत आपल्या काळापर्यंत टिकली.

आच जास्त झाली की मणी वितळून जुळे होतात. असे चिकटलेले दोन-तीन मणी, कापलेल्या नळ्या आणि काचेची ढेकळे एकत्र मिळाली तर कारखाना जवळ होता म्हणायला आधार मिळतो. लाल काच सगळ्यात अवघड. ती तांब्याने लाल होते, पण भट्टीत हवा कोंडलेली हवी. हवा आत आली की तेच तांबे हिरवे-निळे पडते. भिंगाखाली लाल मण्यात कधी काळपट-हिरव्या रेघा दिसतात, त्या या चुकीच्या.

दगड, काच आणि प्लास्टिक यांतला फरक घरी कसा ओळखावा?

ओरखडा काढू नका, सुईने डागू नका, दाताने चावू नका. पाहून बरेच काम होते.

काचेत बुडबुडे असतात, अकिकात नाहीत. बुडबुडे आणि रंगाच्या रेघा भोकाला समांतर असतील तर मणी ओढलेल्या नळीचा. भोकाभोवती फिरत असतील तर वितळलेली काच सळईला गुंडाळून केलेला. अंगावर उभी शिवण दिसली तर साच्यातला. अकीक उजेडासमोर धरला की थर किंवा धुक्यासारखा पारदर्शकपणा दिसतो. रंग फक्त चिरांमध्ये दाटलेला असेल तर हल्ली रंगवलेला. प्लास्टिक हाताला गार लागत नाही आणि आकाराच्या मानाने हलके असते.

सुपारीच्या आकाराच्या मातीच्या मण्यांबद्दल जपून. दख्खनच्या प्राचीन वस्त्यांत असे मणी भरपूर, पण सुताच्या चातीची चकती आणि जाळ्याला लावायचे मातीचे वजनही साधारण तसेच दिसते. जड, ओबडधोबड, मोठ्या भोकाचे असेल तर आधी कोळ्याचे जाळे आठवा, मग राणीचा हार. किनाऱ्यावर मिळालेले रंगीत काचमणी पोर्तुगीज काळातले किंवा त्याहून अलीकडचे युरोपीय असण्याचाही संभव मोठा असतो.

चौल आणि आफ्रिका यांचा मण्यांशी काय संबंध?

चौलला डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी उत्खनन केले. तिथल्या काचमण्यांचे पृथक्करण लॉर दुस्यूब्यू आणि सहकाऱ्यांनी केले आणि 2008 मध्ये प्रसिद्ध केले. लेसरने डोळ्याला न दिसणारा खड्डा पाडून उडालेल्या कणांतली मूलद्रव्ये मोजण्याची ही पद्धत. मणी शाबूत राहतो. या मण्यांतली काच सोडा आणि ॲल्युमिना जास्त असलेली, म्हणजे भारतीय धाटणीची निघाली. त्यातही युरेनियम जास्त आणि बेरियम कमी असलेला एक गट आहे. हाच गट पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मण्यांत सापडतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या जुन्या मण्यांत प्रमाण उलटे असते. म्हणजे मध्ययुगात आफ्रिकेला जाणारे मणी पश्चिम किनाऱ्यावरून चढत होते आणि चौल त्या साखळीत होते.

यावरून चौललाच काच वितळत होती असे म्हणता येत नाही. माल चढवणारे बंदर आणि माल बनवणारे गाव वेगळे असू शकते; त्यासाठी वर सांगितलेला कचराच लागतो. खंबातचे मणी आफ्रिकेत सोफाळ्याला खपत, हे सोळाव्या शतकात पोर्तुगीज बार्बोझानेही लिहून ठेवले आहे. वाहतूक एकतर्फी नव्हती: रतनपूरला ज्या बाबा घोरांचा दर्गा आहे ते आफ्रिकेतून आलेले संत, आणि अकिकाच्या धंद्याची परंपरा त्यांच्याशी जोडली जाते.

अकिकाबाबत असे पृथक्करण तितके कामी येत नाही. एकाच खाणीतल्या दोन गोट्यांत मूलद्रव्यांचे प्रमाण इतके बदलते की खाण ठरवणे कठीण होते.

बाहेरून काय येत असे?

मुख्य म्हणजे भूमध्य समुद्रातले लाल पोवळे. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की रोमन बायकांना भारतीय मोत्यांची जितकी हौस, तितकी भारतीयांना पोवळ्यांची. तोच असेही लिहितो की स्फटिक रंगवून वैडूर्यासारखी खोटी रत्ने बनवण्यात भारतीय तरबेज आहेत. नकली माल आजचा नाही.

हे कारागीर आणि व्यापारी कोण होते?

नावे कळतात ती लेण्यांतल्या दानलेखांतून. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले. ‘मणिकार’ हा धंदाही तिथल्या लेखांत येतो. कुडा लेण्यात कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी दाता आहे. कऱ्हाडचा माणूस खाडीकाठच्या लेण्याला दान देतो, तेव्हा घाट आणि बंदर यांचे नाते वेगळे सिद्ध करायला नको. सोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उघडला, तेव्हा एकात एक ठेवलेले करंडक (पवित्र अवशेष ठेवायच्या डब्या) आणि सोन्याची फुले निघाली. मौल्यवान वस्तू फक्त गळ्यासाठी नव्हत्या, श्रद्धेने पुरण्यासाठीही होत्या.

मण्यांवरून माणसाची जात, धर्म, लग्न झालेले होते की नाही, हे सांगता येते का?

सुट्या मण्यावरून नाही. काळा मणी सापडला की ‘मंगळसूत्र’ असे लिहून मोकळे होणारे बरेच असतात. तो मोह टाळा. काळी पोत, डोरले, गळसरी ही आजची ओळख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळ्या मण्याला तोच अर्थ होता असे धरता येत नाही. आजही तान्ह्या बाळाच्या मनगटात काळे मणी असतातच की, तेही लग्नाचे नव्हेत.

सांगता येते ते पुरलेल्या माणसाच्या अंगावर मणी जागच्या जागी मिळाले तर. गळ्याशी, मनगटाशी की कमरेशी, किती, कोणत्या क्रमाने. अशा वेळी एकेका मण्याचे स्थान मोजून रेखाचित्र काढल्याशिवाय तो उचलत नाहीत. ऐपतीबद्दल मात्र सुटे मणीही बोलतात: लाल अकिकाचा मणी परवडत नाही तेव्हा त्याच आकाराचा लाल काचेचा किंवा मातीचा केला जातो. आकार फॅशन दाखवतो, पदार्थ ऐपत.

मण्याचे वय कसे ठरवतात?

थरावरून. दगड आणि काच यांचे कार्बन-कालमापन होत नाही. त्याच थरातला कोळसा, नाणी, खापरे यांवरून काळ ठरतो. त्यातही मेख आहे: आजीचा मणी नातीच्या गळ्यात असतो, त्यामुळे मणी थरापेक्षा जुना असू शकतो. उंदराच्या बिळातून वरचा बारीक मणी खाली घसरतो, हे दुसरे. एका मण्यावर काळ ठरवणाऱ्याचे ऐकू नये.

बारीक मणी मुळात हाती यायला दोन मिलिमीटरच्या चाळणीतून माती पाण्याने धुवावी लागते. नुसत्या हाताने वेचले तर मोठे, रंगीत मणीच येतात आणि ‘इथे काचमणी नव्हते’ असा खोटा निष्कर्ष निघतो. जुन्या उत्खननांच्या याद्या वाचताना आधी चाळण कोणती होती ते पाहावे.

शेतात किंवा किनाऱ्यावर मणी सापडला. काय करू?

उचलण्याआधी फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा. आजूबाजूला खापरे, काचेची ढेकळे, टवके आहेत का पाहा. तेही लिहून ठेवा. खणू नका. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत असाल तर उचलूही नका. मग राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा तहसीलदारांना कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे आणि लपवणे गुन्हा.

साफ कसा करावा, ठेवावा कसा?

दगडाचा मणी साध्या पाण्यात, मऊ ब्रशने. लिंबू, चिंच, व्हिनेगर, भांड्यांची पावडर, तेल काहीही नको. काचेच्या मण्यावर इंद्रधनुषी पापुद्रा असेल तर तो मळ नाही, झिजलेली काच आहे. घासली की मण्याची मूळ कातडीच जाते. काचमणी ओलाच मिळाला असेल तर एकदम उन्हात वाळवू नका, पापुद्रे उडतात. तो ओलसर ठेवून जाणकाराकडे न्या.

कोकणात खरा शत्रू दमटपणा. सोड्याची काच हवेतली ओल शोषते, अंगावर चिकट थेंब सुटतात, मग बारीक जाळीसारख्या चिरा. हवाबंद प्लास्टिक पिशवीत ओल कोंडते. पुठ्ठ्याच्या किंवा भोके पाडलेल्या डबीत, आम्लविरहित कागदात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि जून ते सप्टेंबर ती पुडी दर पंधरवड्याला पाहा. कापूस नको, त्याचे तंतू पापुद्र्यात अडकतात. जुन्या मण्यांची माळ ओवून घालू नका. मणी एकमेकांवर आपटून तोंडे फुटतात आणि दोऱ्याने भोकातले जुने चरे पुसले जातात.

जुना मणी विकता येतो का? परदेशी नेता येतो?

शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ऑनलाइन ‘सातवाहनकालीन माळ’ म्हणून जे विकले जाते ते एकतर नकली, नाहीतर बेकायदा. बहुतेक वेळा नकली, हे त्यातल्या त्यात बरे.

पाहायला कुठे मिळतील?

पुण्यात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि धाराशिव जिल्ह्यात तेरचे संग्रहालय. जाताना भिंग न्या, आणि काचेच्या पेटीत मण्याचे तोंड आपल्याकडे असेल तर भोकाची कड आधी पाहा.